बाबांना लोटलेलं दार कसं कळलं?

फोंड्याची लेक, ८ जून

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझे बाबा ६६ वर्षांचे. काचबिंदूने डोळे गेले. पहिला डोळा इतका हळू गेला की कुणाला कळलंच नाही, आणि दुसऱ्याचं लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. दीड-दोन वर्षं झाली, आता उजेड-अंधारही कळत नाही. फोंड्याजवळ आमच्या गावात त्यांची पिठाची गिरण. चाळीस वर्षं त्यांनी चालवली, आता भाऊ बघतो.

परवा पहिला मोठा पाऊस झाला आणि वीज गेली. आम्ही तिघं मेणबत्ती शोधत चाचपडत होतो. बाबा सोप्यावरून आत येत होते, नेहमीच्या चालीने. मधल्या खोलीचं दार एरवी सताड उघडं असतं. त्या गडबडीत कुणीतरी ते अर्धं लोटलं होतं, फळी वाटेत आडवी आलेली. मी मोबाइलचा टॉर्च लावला तर बाबा दारापासून वीतभर अंतरावर थांबलेले. हात दोन्ही खाली. म्हणाले, "दार कुणी लोटलं गो?"

कसं कळलं विचारलं तर सांगतात, तोंडावर काहीतरी येतं. कपाळाशी पडदा धरल्यासारखं. आई म्हणते शांतादुर्गेची कृपा. भाऊ म्हणतो योगायोग.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आवाज न करता दार कधी लोटून ठेवलं, कधी उघडं. बाबांना आधीच सांगितलं होतं आणि दाराजवळ मी उभी होते. पाचातल्या चार वेळा ते थांबले. पाचव्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तेव्हा सरळ दारावर गेले. पंखा मोठा केला तरी तेच.

हे काय आहे? आणि हे वाढवता येतं का? विचारते, कारण बाबा घराबाहेर आईचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. दिवसभर खुर्चीत बसून असतात. चाळीस वर्षं गिरणीत उभा राहिलेला माणूस.

अबोली, ८ जून

वाचून अंगावर काटा आला. माझ्या पणजीलाही दिसत नसे, पण अंगणात कोण आलं ते ती पावलांवरून सांगायची. देव एक हिरावतो तेव्हा दुसरं देतो असं आमच्याकडे म्हणतात. सहावं इंद्रिय असणार हे.

ध्वनिवेडा, ८ जून

ताई, तुमच्या मिक्सरमध्येच उत्तर आहे. नकळत तुम्ही एक गाजलेला प्रयोग घरात करून बघितलात.

बाबा सांगतात तसंच अंध माणसं शेकडो वर्षं सांगत आली. फ्रान्समध्ये दिदरो नावाच्या तत्त्वज्ञाने १७४९ साली एका अंध गृहस्थाबद्दल लिहिलं होतं की वस्तू जवळ आल्याचं त्याला चेहऱ्यावरच्या हवेवरून कळतं. पुढे याला 'चेहऱ्याची दृष्टी' असंच नाव पडलं. १९४४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या सुपा, कोत्झिन आणि डॅलनबाख या तिघांनी याचा छडा लावला. यांतला सुपा स्वतः अंध होता. त्यांनी माणसांना भिंतीकडे चालत जायला सांगितलं. आधी चेहरा जाड फेल्टने झाकला. तरी भिंतीआधी थांबले. मग चेहरा मोकळा ठेवून कान बंद केले, तर दर वेळी आदळले. बूट घालून चालताना भिंत लांबून कळायची, गालिच्यावर नुसत्या मोज्यांनी चालताना अगदी जवळ गेल्यावर. सगळ्यात सुंदर भाग शेवटचा. प्रयोग करणारा स्वतः मायक्रोफोन घेऊन भिंतीकडे चालला आणि अंध माणूस दुसऱ्या खोलीत बसून ते नुसतं ऐकत होता. त्यालाही भिंत जवळ आलेली कळली. त्याचा चेहरा त्या खोलीत नव्हताच.

म्हणजे बाबा ऐकतात, पण मेंदू ते त्यांना कपाळावरच्या स्पर्शासारखं पोचवतो. त्यांना जे वाटतं ते खोटं नाही, फक्त वाट कानाची आहे.

मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून थोडं आणखी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दार एक मीटरवर असेल तर पावलाचा आवाज जाऊन परत यायला सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सहा लागतात. इतक्या जवळच्या दोन आवाजांतला दुसरा आपल्याला वेगळा ऐकूच येत नाही. दोन्ही मिसळतात आणि आवाजाचा पोत बदलतो. रिकाम्या खोलीत आणि कपड्यांनी भरलेल्या खोलीत बोलून बघा, हाच फरक. डोळसांना तो ऐकू येतो, पण आपण त्याकडे लक्ष देत नाही. वटवाघळं हेच करतात, फक्त फार वरच्या पट्टीत.

डिचोलीकर, ९ जून

चांगली माहिती. पण मग अमेरिकेतला तो डॅनियल किश जीभ टाळूला लावून टकटक करत सायकल चालवतो म्हणतात, ते खरं की व्हिडिओतली करामत?

ध्वनिवेडा, ९ जून

खरं आहे. त्याचे दोन्ही डोळे वयाच्या १३ महिन्यांपर्यंत कर्करोगामुळे काढावे लागले. टकटक करून परतीचा आवाज ऐकायचं तो लहानपणी आपोआप शिकला, आणि आता इतरांना शिकवतो. २०११ साली कॅनडात अशा दोन अंधांचा मेंदू स्कॅन करून पाहिला. त्यांना आवाजाच्या दोन ध्वनिफिती ऐकवल्या, एकीत प्रतिध्वनी ठेवलेला, दुसरीत काढून टाकलेला. प्रतिध्वनी असताना मेंदूचा मागचा भाग, डोळस माणसात जो दृष्टीसाठी राबतो तो, कामाला लागलेला दिसला. कानाचं काम करणाऱ्या भागात दोन्ही वेळा तसा फरक नव्हता.

बोटांचंही असंच. ब्रेल वाचताना अंध वाचकांच्या मेंदूतला हाच मागचा भाग जागा होतो, हे १९९६ साली दिसून आलं. डोळ्यांकडून काम येईनासं झालं म्हणून ती जागा रिकामी पडून राहत नाही.

ताई, बाबांना ही टकटक जरूर शिकवा. उद्यापासून.

कानोसा, ९ जून

मी जन्मापासून अंध आहे. राहतो म्हापशात, नोकरी पणजीत. हा धागा टॉकबॅकवर, म्हणजे मोबाइलच्या मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ऐकतोय. दोन गोष्टींवर बोलल्याशिवाय राहवत नाही, जरा लांबेल.

पहिली, अबोलीताईंचं 'सहावं इंद्रिय'. तुम्ही प्रेमाने लिहिलंत हे कळतं. पण हे ऐकलं की माझी वीस वर्षांची मेहनत कुणीतरी देवाच्या नावावर जमा केली असं वाटतं. माझे कान तुमच्यासारखेच आहेत, डॉक्टरने तपासले तर त्याच रेघा निघतील. मी ते वापरतो, एवढंच. मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. चाहूल. कानोसा. अदमास. आपल्या आज्या हे शब्द रोज वापरत होत्या, कारण दिव्याआधीच्या घरात डोळसांनाही कानांनीच बराच संसार करावा लागे. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.

दुसरी गोष्ट, टकटक. ध्वनिवेडा, तुमचा उत्साह आवडला, पण उद्यापासून नको. मी स्वतः जीभ वाजवतो. भिंत, खांब, उभी गाडी, दाराची पोकळी हे सगळं त्याने कळतं. खड्डा कळत नाही. झाकण नसलेलं गटार कळत नाही. उतरती पायरी कळत नाही. पुढे काही असेल तर आवाज परत येतो, पुढे काहीच नसेल तर काय परत येणार? आपल्या गोव्यात वाटेवर पहिलं संकट गटाराचं. काकांच्या हातात आधी पांढरी काठी द्या, जीभ नंतर.

आता मी रोज कसा जातो ते सांगतो, म्हणजे काकांना ऐकवता येईल.

घराबाहेर पडलो की डाव्या हाताला चिऱ्यांचं कुंपण. जांभ्या दगडाला गिलावा नसेल तर त्याला भोकं असतात, त्यामुळे काठीचा आवाज परत येतो तो मऊ, जरासा गिळल्यासारखा. पुढे सिमेंटची भिंत लागते, तिथे तोच आवाज कडक होतो. त्या कडक भिंतीत एके ठिकाणी आवाज एकदम पातळ होतो, ती माझी गल्ली. मग नाकाचं काम. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी सकाळी सातपर्यंत, नंतर तिचा भरवसा नाही. औषधांचं दुकान, सुक्या मासळीचा कोपरा, फुलवाल्या बायका. वासावर मी वळण ठरवत नाही, फक्त खातरजमा करतो, कारण वारा फिरला की वास फिरतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात वास इतके असतात की नाक बाजूला ठेवावं लागतं.

पाय बरंच सांगतात. डांबर, पेव्हर, मातीची साइडपट्टी, गटारावरची हलणारी लादी. ती लादी दर पावलाला एकदा 'डुग' करते आणि मला कळतं की बसस्टँड आता चाळीस पावलं. ती दुरुस्त केली तेव्हा मी दोन दिवस चुकलो.

ऊन हे माझं होकायंत्र. सकाळी उजव्या गालावर असेल तर तोंड उत्तरेला. उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, त्यानेही दिशा लागते. फेरीबोटीत वाऱ्याबरोबर पायाखालचा लोखंडी पत्रा बोलतो. इंजिनची थरथर बदलली की काठ जवळ आला. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलवर मागे बसलो की अंग कुठल्या बाजूला किती कललं यावरून वळणं मोजतो. कितीतरी वेळा पायलटलाच सांगितलंय, बाब, आधीचं वळण होतं.

पाऊस दोन प्रकारचा. रिमझिम मला आवडते, कारण तेव्हा एरवी गप्प असलेल्या वस्तू बोलतात. कौलांवर एक आवाज, पत्र्यावर दुसरा, माडाच्या झावळांवर तिसरा, गाडीच्या टपावर चौथा. अंगणाचा नकाशाच कानात उभा राहतो. पण आषाढातली मुसळधार आली की सगळं पुसलं जातं, तेव्हा मी आडोशाला थांबतो. छत्री मी घेतच नाही, कारण तिच्यावरचा ताशा डोक्याशी वाजत राहतो आणि काठीचा हात अडकतो. रेनकोटची टोपीही कानावर येते. साधी कॅप घालून भिजतो.

मदत करणाऱ्यांबद्दल एकच. मागून येऊन दंड धरून ओढू नका. रस्ता ओलांडायला मी कानांनी सगळी गणितं मांडलेली असतात, कुणी ओढलं की पाटी पुसली जाते. एकदा एका गृहस्थांनी मला असं मनापासून ओढून पलीकडे नेलं, आणि मला पलीकडे जायचंच नव्हतं. आधी विचारा. "कोपर देऊ?" एवढे दोन शब्द पुरतात.

अबोली, ९ जून

कानोसा, मनापासून माफी मागते. पणजीला आम्ही कुणी कधी विचारलंच नाही की तुला कसं कळतं.

बाई साखळीच्या, १० जून

मी विशेष शिक्षिका होते, आता निवृत्त. कानोसा यांनी कोपर म्हटलं ते का, हे ताईंच्या आईसाठी लिहिते.

आपण अंध माणसाचा हात धरतो तेव्हा तो आपल्यामागून ढकलला किंवा खेचला जातो. उलट करायचं. त्याने आपल्या हाताला कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. मग आपण पायरी चढलो की आपलं कोपर वर जातं, उतरलो की खाली, वळलो की वळतं. हे सगळं त्याला स्वतःच्या पावलाआधी कळतं. अरुंद जागा आली की आपण हात पाठीमागे न्यायचा, तो आपसूक आपल्या मागे येतो. बोलून सांगावं लागत नाही.

काठीबद्दल. पांढऱ्या काठीची पद्धत तशी अलीकडची. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवली ती गाड्यावाल्यांना दिसावी म्हणून. ती जमीन वाचण्याचं साधन झाली दुसऱ्या महायुद्धात. १९४४ साली रिचर्ड हूवर यांनी डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी लांब, हलकी काठी आणि तिची पद्धत बसवली. काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत उंच. हात पोटासमोर मध्यभागी. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे टेकतं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. खांद्यांपेक्षा थोडं रुंद, जास्त नाही. ऐकायला सोपं आहे, अंगात मुरायला महिने लागतात.

काठी कमरेच्या वरचं सांगत नाही. खिडकीबाहेर आलेलं एसीचं खोकं, ट्रकची मागची फळी, वाकलेली फांदी. तिथे मात्र ध्वनिवेडा म्हणतात तो कान उपयोगी. आयआयटी दिल्लीने २०१४ साली काठीच्या मुठीला बसवायचं एक यंत्र आणलं, स्मार्टकेन. तेही वटवाघळासारखंच माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने तीन मीटरपर्यंतचा अडथळा शोधतं आणि मुठीत थरथरून सांगतं.

घरात आजच करण्यासारखं: दारं एक तर पूर्ण उघडी, नाही तर पूर्ण बंद. खुर्ची जिथली तिथे. जेवताना ताटाचं घड्याळ करा. भात सहावर, हुमण तीनवर, भाजी बारावर. रोज तसंच.

आणि ताई, गिरणीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाला आणि बोटांना कमी लेखू नका.

डिचोलीकर, १० जून

शंका विचारतो, राग मानू नये. कानोसा जन्मांध, किशही तान्हेपणापासून. ६६व्या वर्षी नव्याने कान तयार होतात? खोटी आशा लावायला नको, म्हणून विचारतो.

तिसवाडीकर, ११ जून

यावर मी लिहू शकते. माझी दृष्टी चाळिशीत गेली, रेटिनायटिस पिगमेंटोसा. रातांधळेपणापासून सुरुवात, मग बाजूचं दिसेनासं झालं, शेवटी मधलंही.

पहिलं वर्ष मी आवाजांना घाबरत होते. सगळे एकदम अंगावर यायचे, एकही वेगळा काढता येत नव्हता. आपल्याच स्वयंपाकघरात बसून मी फक्त फ्रिज ऐकायचे. मग एक दिवस लक्षात आलं की फ्रिजच्या आवाजावरून मला ओटा कुठे ते कळतंय. तेव्हापासून मी घरात एक-दोन आवाज मुद्दाम चालू ठेवते. ओसरीवर टिकटिकणारं घड्याळ, न्हाणीघराकडे बारीक आवाजात रेडिओ. दीपस्तंभासारखं. काकांकडेही असं करून बघा, मात्र मोठा आवाज नको. मोठ्या टीव्हीखाली सगळं बुडतं.

जन्मांधांइतकं मला येत नाही, हे खरं. ब्रेल मी फार हळू वाचते. पण येतं. मला शिकवणाऱ्या बाईंनी एका हाताने तोंडासमोर थाळा धरायला लावला आणि 'श्श' करत तो जवळ-लांब करायला सांगितलं. पहिल्या पाच मिनिटांत फरक ऐकू आला. तुम्ही डोळसांनीही डोळे मिटून करून बघा.

ध्वनिवेडा, ११ जून

डिचोलीकर, तुमच्या प्रश्नाला मोजमापाचं उत्तरही आहे. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठाने २०२१ साली १२ अंध आणि १४ डोळस लोकांना दहा आठवडे जिभेची टकटक शिकवली. वयं २१ ते ७९. वय जास्त म्हणून शिकणं अडलं असं दिसलं नाही.

आणि कानोसा, तुम्ही मला थांबवलंत ते बरं केलंत. आधी काठी. खड्ड्याचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

कानोसा, ११ जून

एक राहिलं. कान कितीही तयार असले तरी जग ऐकू येईल असं राहायला हवं. विजेवरच्या गाड्या हवा स्वच्छ ठेवतात, मलाही त्या हव्या आहेत. पण हळू चालणारी विजेची स्कूटर मला अंगाशी आल्यावर कळते. युरोपात २०१९पासून नव्या मॉडेलच्या, आणि २०२१पासून सगळ्याच नव्या चारचाकी विद्युत गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करावा लागतो. वेग वाढला की टायरचा आवाज पुरतो.

पदपथावरच्या पिवळ्या लाद्यांचंही तसंच. त्या १९६५ साली जपानमध्ये सेइची मियाके यांनी शोधल्या, १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चाला, ठिपके म्हणजे थांबा. माझ्या रोजच्या वाटेवर पट्ट्यांची ओळ मला नेऊन थेट विजेच्या खांबाला भेटवते. बसवणाऱ्याने ती फरशीची नक्षी समजली असावी. तिच्यावर गाड्या उभ्या असतात ते वेगळंच.

अबोली, ११ जून

नोटा कशा ओळखता?

कानोसा, ११ जून

नव्या शंभरच्या नोटेवर उठावदार त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेषा, पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेषा. कोरी नोट असेल तर बोटाला लागतात. बाजारात फिरून मऊ झालेली असेल तर लागत नाहीत. लांबीने ओळखावं तर शंभर आणि दोनशेत फक्त चार मिलिमीटरचा फरक, दोनशे आणि पाचशेतही तेवढाच. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप २०२०मध्ये आलं, ते कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट बोलून सांगतं. मी घरून निघतानाच नोटा वेगवेगळ्या घडीत ठेवतो. शंभरची एक घडी, पाचशेची दोन. नाणी सोपी, २०चं नाणं बारा कोनांचं आहे.

फोंड्याची लेक, २ जुलै

तुमचे सगळे प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. कानोसांचं चिऱ्यांचं कुंपण दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "गिरणीत दाणे संपत आले की दगडाचा आवाज पातळ होतो. मी पाठ करून उभा असलो तरी कळायचं. ह्या पोराला तसंच कळतंय."

काठी आली आहे. शिकवायला आठवड्यातून दोनदा एकजण येतात. घरातली दारं बंद किंवा उघडी, अधलीमधली नाहीत.

अडचण आईची झाली. कोपर द्यायचं तिला पटवून दिलं, करूनही बघितलं, आणि मग ती मागच्या दारी जाऊन रडली. म्हणाली, "लग्नानंतर चारचौघांत ह्यांनी कधी माझा हात धरला नाही. डोळे गेले तेव्हा धरला. आता तोही सोडू म्हणतेस?" यावर काय बोलावं ते मला कळलं नाही. मी त्यांना मजबूत करते आहे असं समजत होते, आणि तिच्याकडचं काहीतरी काढून घेत होते.

बाई साखळीच्या, २ जुलै

आईंना सांगा, कोपर धरतानाही हात हातातच असतो. फक्त आता धरणार ते. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरोघरी मी हे रडणं पाहिलंय, वेळ द्या.

तिसवाडीकर, ३ जुलै

आणि वाट काढायची नसते तेव्हा, देवळाच्या पायरीवर बसलेले असताना, हात धरायला कोण नको म्हणतंय? माझे यजमान अजूनही धरतात.

फोंड्याची लेक, ३ जुलै

हे आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण संध्याकाळी बाबांसमोर जाऊन कोपर पुढे केलं.

फोंड्याची लेक, १९ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहायचं राहिलं. चवथीत घर माणसांनी भरलेलं होतं. घुमट-शामेळाच्या आवाजात बाबा हरवतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, आवाज एका जागी बसून असतो तेव्हा त्याचा त्रास नाही, फिरता आवाज गोंधळ करतो. वाड्यावर कुणाकडे आरती सुरू झाली ते बाबाच आम्हाला सांगत होते.

काल ते गिरणीत गेले. एकटे. घरापासून तीनशे दहा पावलं, मोजून. मी खूप मागे होते आणि अनवाणी, कारण माझ्या चपलांचा आवाज त्यांना लगेच कळतो. पारावर जरा थांबले, तोंड उन्हाकडे करून, मग डावीकडे वळले. शेजारच्या म्हाताऱ्या काकींनी धावत येऊन हात धरला. बाबांनी तो हळूच सोडवला आणि विचारलं, "बरी आसा मगे?" आणि पुढे गेले.

गिरणी चालू असताना आत कानांचा उपयोग नसतो, ही मला धास्ती होती. त्यांनी दारात चपला काढल्या. अनवाणी पायांनी जमीन बघितली, कारण यंत्राच्या बाजूला ती जास्त थरथरते. उंबऱ्यापासून भिंतीला हाताची पालथी बाजू लावून पट्ट्याच्या उलट्या अंगाने आत गेले. भाऊ नाचणी दळत होता, त्याला पत्ता नव्हता. बाबांनी पीठ पडतं तिथे हात धरला, चिमूट अंगठ्याखाली चोळली, नाकाशी नेली.

भावाने मान वर केली तेव्हा बाबा त्याच्या शेजारी उभे होते.

"दगडांना टाकी मारायला झाली रे," म्हणाले. "पीठ तापतंय."